लाल किल्ल्यातली बाग: आधी पाण्याची, आता प्रकाशाची

अंधाऱ्या दालनात पाऊल टाकले की चारही भिंतींवर जंगल उगवते. पायाखाली झरा वाहू लागतो, हात लावला की भिंतीवरचे फूल उमलते आणि कुठूनतरी पावसाचा आवाज येतो. प्रेक्षकाला चहूबाजूंनी वेढून घेणाऱ्या अशा डिजिटल प्रदर्शनांना 'इमर्सिव्ह' म्हणतात. मोठ्या शहरांतील मॉलमध्ये आणि प्रदर्शनाच्या हॉलमध्ये ती आता नवी राहिलेली नाहीत. मुलांना ती आवडतात, आईबाबांना फोटो मिळतात आणि सुट्टीचा एक दिवस छान जातो.

मॉलमधल्या हॉलला काळा रंग फासला, छताला प्रोजेक्टर टांगले की निम्मे काम होते. पण हेच जंगल पावणेचारशे वर्षे जुन्या वास्तूत उभे करायचे असेल तर? तिथे भिंतीला रंग लावता येत नाही, छताला भोक पाडता येत नाही आणि मुळात त्या वास्तूला स्वतःचे काही सांगायचे असते.

दिल्ली हे असे प्रश्न पडण्याचेच शहर आहे. इथे दर दोन-तीन किलोमीटरवर एखादा घुमट किंवा पडकी कमान भेटते आणि जुन्या इमारतींत नवे तंत्रज्ञान आणण्याचे प्रयोगही सतत होत असतात. राष्ट्रपती भवनाच्या जुन्या घोड्यांच्या पागेत आणि गॅरेजमध्ये आज आधुनिक संग्रहालय आहे. तीन मूर्ती भवनाच्या आवारात एप्रिल २०२२ मध्ये उघडलेले प्रधानमंत्री संग्रहालय तर मोठ्या प्रमाणात डिजिटल माध्यमावर उभे आहे. पण निसर्ग, डिजिटल कला आणि जुनी वास्तू या तिन्ही गोष्टींचा एकत्र विचार करायचा असेल, तर लाल किल्ल्यासारखी दुसरी जागा नाही.

किल्ल्यात भरलेली 'बहार'

८ डिसेंबर २०२३ रोजी लाल किल्ल्यात पहिल्या भारतीय कला, वास्तुकला आणि डिझाइन बिनालेचे उद्घाटन झाले. बिनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरवायचा कलामेळा. इटलीतल्या व्हेनिसचा बिनाले जगप्रसिद्ध आहे आणि आपल्याकडे कोचीचा. दिल्लीच्या या मेळ्यात सात विषय होते. भारतातले दरवाजे, मंदिरे, स्वतंत्र भारतातील वास्तू, देशी डिझाइन, स्त्री वास्तुरचनाकार यांच्या जोडीला दोन विषय थेट निसर्गाशी नाते सांगणारे होते. एक 'बाग-ए-बहार', म्हणजे भारतातील बागांची परंपरा. दुसरा 'संप्रवाह', म्हणजे देशभरातील बावड्या. महाराष्ट्रात आपण ज्यांना बारव म्हणतो, त्याच पायऱ्यांच्या विहिरी.

बाग आणि पाणी हे दोन विषय लाल किल्ल्यात मांडले जाणे हा मोठा योग होता. कारण या किल्ल्याची स्वतःची बाग आणि स्वतःचे पाणी केव्हाच हरवले आहे.

त्याआधी, जानेवारी २०२३ मध्ये, इथे 'जय हिंद' हा नवा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम सुरू झाला होता. त्यात किल्ल्याच्या भिंतींवर पडणारी चित्रे, जिवंत कलाकार आणि मोठ्या बाहुल्या यांतून इतिहास सांगितला जातो. म्हणजे लाल दगडाच्या या भिंतींना पडदा होण्याची सवय झालेली आहे. पण खरे सांगायचे तर ही सवय त्यांना त्याहून फार जुनी आहे.

शहाजहानचा पाण्या-दिव्यांचा खेळ

शहाजहानने राजधानी आग्र्याहून दिल्लीला आणायचे ठरवले आणि १६३९ मध्ये या किल्ल्याचे काम सुरू झाले. १६४८ मध्ये ते पूर्ण झाले. उस्ताद अहमद लाहोरी हे त्याचे मुख्य वास्तुरचनाकार. पूर्वेच्या तटाला लागून तेव्हा यमुना वाहत होती आणि बादशहाचे खासगी महाल त्याच बाजूला एका ओळीत बांधले गेले, म्हणजे नदीची हवा थेट आत यावी.

पण नुसती हवा पुरेशी नव्हती. कालव्याने आणलेले पाणी ईशान्य कोपऱ्यातल्या शाह बुर्जापाशी किल्ल्यात शिरायचे, संगमरवरी उतारावरून खाली यायचे आणि मग एका पन्हळीतून हमामखाना, दिवाण-ए-खास, खास महाल, रंग महाल अशा एकेका इमारतीच्या पोटातून वाहत जायचे. या कालव्याचे नाव होते 'नहर-ए-बिहिश्त', म्हणजे स्वर्गातला कालवा. रंग महालात मधोमध कमळाच्या आकाराचे संगमरवरी पात्र आहे. त्याच्या पाकळ्यांवरून पाणी वाहायचे. खास महालात न्यायाचा तराजू कोरलेली संगमरवरी जाळी आहे आणि पाणी तिच्या खालून पुढे जायचे. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आणि मलिक अंबरच्या काळातली नहर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा प्रकार लगेच कळेल. लांबून पाणी आणायचे आणि ते केवळ तहान भागवण्यापुरते न ठेवता डोळ्यांना, कानांना, त्वचेलाही द्यायचे, ही त्या काळाची रीत होती.

महालांच्या उत्तरेला 'हयात बख्श बाग' आहे. नावाचा अर्थ जीवन देणारी बाग. तिच्या उत्तर आणि दक्षिण टोकाला संगमरवराचे दोन छोटे मंडप समोरासमोर उभे आहेत. एकाचे नाव सावन, दुसऱ्याचे भादों. आपले श्रावण आणि भाद्रपद! पाऊस नसतानाही पावसाळा अनुभवता यावा म्हणून बांधलेले हे मंडप. त्यांच्या भिंतीत छोट्या कोनाड्यांच्या रांगा आहेत. या कोनाड्यांमध्ये दिवसा फुलदाण्या ठेवायच्या आणि रात्री दिवे. त्यांच्यासमोरून पाण्याचा पातळ पडदा कोसळत राहायचा. दिव्याचा प्रकाश पाण्यातून थरथरत बाहेर यायचा, पाण्याचा आवाज मंडपभर घुमायचा आणि अंगावर गार शिंतोडे यायचे.

आता पहिल्या परिच्छेदातले ते अंधारे दालन आठवा. प्रकाश, आवाज, पाणी, फुले आणि मधोमध उभा असलेला माणूस. प्रोजेक्टर नव्हता, वीज नव्हती, पण कल्पना तीच. किंबहुना गारवा आणि फुलांचा वास धरला तर त्या जुन्या खेळात एक-दोन गोष्टी जास्तच होत्या.

हयात बख्शच्या पश्चिमेला 'महताब बाग' होती. महताब म्हणजे चंद्र. तिचे नावच चांदण्यावरून. म्हणजे एक बाग पाण्यामागच्या दिव्यांची आणि शेजारची चांदण्याची. रात्रीच्या प्रकाशाचा इतका बारकाईने विचार करणारी वास्तू आज आपल्याला फक्त 'लाल' म्हणून माहीत असावी, याची गंमत वाटते.

पाणी कुठे गेले?

या वैभवाला ओहोटी लागली ती काही एका दिवसात नव्हे. नादिरशहाने १७३९ मध्ये दिल्ली लुटली. मराठी माणसाचाही यात एक धागा आहे. पानिपताच्या आधी, १७६० मध्ये, सदाशिवरावभाऊंच्या फौजेने किल्ला घेतला तेव्हा दिवाण-ए-खासचे चांदीचे छत काढून वितळवले गेले आणि सैन्याचा खर्च भागवला गेला. शाळेत पानिपत शिकताना हा तपशील बहुतेक वेळा निसटतो, पण दिवाण-ए-खासमध्ये उभे राहून वर पाहिले की तो आठवल्याशिवाय राहत नाही.

सर्वांत मोठा घाव १८५७ नंतर बसला. उठाव मोडल्यावर ब्रिटिशांनी किल्ल्याच्या आतल्या इमारतींचा मोठा भाग पाडला. महताब बाग नाहीशी झाली, हयात बख्शची मोडतोड झाली आणि बागा-महालांच्या जागी सैन्याच्या उंच, कोरड्या बराकी उभ्या राहिल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड कर्झनच्या काळात बागेची काही प्रमाणात डागडुजी झाली. स्वातंत्र्यानंतरही किल्ल्याचा बराच भाग सैन्याकडे होता. २००३ च्या अखेरीस तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आला आणि २००७ मध्ये किल्ला जागतिक वारसा यादीत गेला. यमुनेनेही दरम्यान आपले पात्र पूर्वेला सरकवले. जिथे नदी होती तिथून आज रिंग रोडची वाहने धावतात.

गेल्या हिवाळ्यात नाशिकहून मावशी आली होती, तिच्याबरोबर तिची आठ वर्षांची मुलगी. सावन-भादोंच्या कोनाड्यांची गोष्ट ऐकून झाल्यावर ती कोरड्या पन्हळीत वाकून बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "ताई, इथे पाणी किती वाजता सोडतात?" मावशी हसली. मला मात्र वाटले, या किल्ल्याला विचारायला हवा असा नेमका प्रश्न तिने विचारला आहे. वाळलेल्या पन्हळीतले पाणी मुलांना कसे दाखवायचे? डिजिटल कलेला इथे खरे काम आहे ते हेच.

खिळा न ठोकता जंगल उभारायचे कसे?

काम सोपे नाही. लाल किल्ला राष्ट्रीय महत्त्वाचे संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार अशा वास्तूची मोडतोड केली, तिचे रूप बदलले किंवा तिला विद्रूप केले तर गुन्हा होतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे जुन्या वास्तूत प्रदर्शन मांडणाऱ्यांचा पहिला नियम असतो: आपण निघून गेल्यावर आपण आलो होतो हे भिंतीला कळता कामा नये.

म्हणून सगळा डोलारा स्वतःच्या पायावर उभा करतात. ॲल्युमिनियमचे हलके सांगाडे जमिनीवर टेकवतात, त्यांच्या पायांखाली रबराच्या चकत्या ठेवतात म्हणजे फरशीला ओरखडा येत नाही. प्रोजेक्टर, स्पीकर, पडदे सगळे त्या सांगाड्याला टांगलेले. वायरी भिंतीवरून न नेता जमिनीवरच्या झाकणपट्ट्यांतून नेतात. बरेचदा जुन्या भिंतीच्या पुढे काही अंतरावर एक खोटी भिंत उभी केली जाते, म्हणजे मधून हवा खेळत राहते.

त्याआधी लेझर स्कॅनरने वास्तू मोजली जाते. हे यंत्र प्रत्येक कमान, प्रत्येक कोनाडा लाखो बिंदूंमध्ये टिपते आणि संगणकावर वास्तूची हुबेहूब प्रतिकृती तयार होते. मग प्रकाश नेमका कुठे पडावा आणि कुठे पडू नये, हे आधीच ठरवता येते. दोन प्रोजेक्टरच्या चित्रांची कड एकमेकांत मिसळवण्याचे कामही संगणकच करतो. नाहीतर जंगलाच्या मधोमध एक उजळ पट्टा दिसेल.

लाल दगडाची स्वतःची एक अडचण आहे. लाल पृष्ठभाग लाल प्रकाश परत पाठवतो आणि हिरवा-निळा बराचसा गिळून टाकतो. सूर्यास्ताचे दृश्य त्यावर झकास दिसते, पण हिरवेगार रान टाकले तर ते मातकट होते. निसर्गाचे प्रदर्शन आणि हिरव्याचीच पंचाईत! यावर उपाय दोनच. एक तर समोर पांढरा पडदा धरायचा, किंवा दगडाचा रंग मान्य करून चित्रच त्याला जुळेल असे काढायचे. पहिला उपाय सोपा आहे, दुसरा चांगला. कारण पडदाच धरायचा असेल तर तो मॉलमध्येही धरता येतो. किल्ल्यात येण्याचे कारण काय?

उष्णता, ओल आणि आवाज हे आणखी तीन शत्रू. प्रोजेक्टर तापतात, शेकडो माणसांच्या श्वासाने दमटपणा वाढतो आणि जुन्या चुन्याच्या गिलाव्याला दोन्ही सोसत नाहीत. अजिंठ्याला गेलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. तिथल्या चित्रांच्या लेण्यांत मंद प्रकाश ठेवतात आणि एका वेळी मोजक्याच लोकांना आत सोडतात, ते याच कारणाने. जगभरातील संग्रहालयांत नाजूक चित्रांवर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देत नाहीत. घरातल्या बैठकीच्या खोलीतला दिवाही बहुतेक वेळा याहून प्रखर असतो. स्पीकरच्या खर्जातल्या दणक्याने सैल झालेला गिलावा सुटू शकतो, म्हणून ढोलताशांच्या आवाजाला इथे जागा नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. जुन्या वास्तूंत माणसांच्या आधीपासून राहणारे भाडेकरू असतात: वटवाघळे, पोपट, पारवे, मधमाश्या. रात्रभर झगमगाट केला तर त्यांचे खाणे-झोपणे बिघडते. निसर्गावरचे प्रदर्शन भरवून किल्ल्यातल्या खऱ्या वटवाघळांना हुसकावून लावणे म्हणजे तुळशीचे चित्र लावायला अंगणातली तुळस उपटण्यासारखे झाले.

इतरांनी काय केले?

पॅरिसमध्ये १८३५ च्या एका जुन्या लोखंडी ओतशाळेत २०१८ पासून 'आतेलिए दे ल्युमिएर' हे डिजिटल कलेचे केंद्र चालते. तिथे शंभराहून अधिक प्रोजेक्टर थोर चित्रकारांची चित्रे भिंतींवर आणि जमिनीवर सोडतात. इमारत भव्य आहे, पण चित्रांचा तिच्याशी थेट संबंध नाही. तीच चित्रे दुसऱ्या शहरातही तशीच दाखवता येतात.

जपानने वेगळी वाट निवडली. क्युशू बेटावरील 'मिफुनेयामा राकुएन' ही १८४५ मधली जुनी बाग आहे. 'टीमलॅब' हा कलाकारांचा गट २०१५ पासून तिथे प्रदर्शन भरवतो. रात्री बागेतल्याच शिळांवर फुले उमलतात, तळ्याच्या पाण्यावर प्रकाशाचे मासे पोहतात आणि माणूस जवळ गेला की त्यांची दिशा बदलते. झाड, शिळा, पाणी सगळे खरे. प्रकाश फक्त त्यांच्याकडे आपले लक्ष वळवतो. दिवे विझले की बाग आहे तशीच उरते.

लाल किल्ल्याने या दोघांपैकी कुणाचा हात धरावा, हे सांगायला नको. किल्ल्याला ॲमेझॉनचे जंगल किंवा समुद्राच्या तळाचे प्रवाळ उसने आणण्याची गरज नाही. त्याच्याकडे स्वतःची हरवलेली नदी आहे, हरवलेली चांदण्याची बाग आहे, कोनाड्यातले विझलेले दिवे आहेत. २०१९ पासून इथल्या ब्रिटिशकालीन बराकींमध्ये संग्रहालये आहेत, म्हणजे बंद दालनांचीही सोय आहे. ज्या बराकींनी बागेची जागा घेतली, त्यांच्याच अंधारात ती बाग प्रकाशाने पुन्हा उभी राहिली तर मुलांना इतिहास वेगळा शिकवावा लागणार नाही.

मुलांना घेऊन जाताना

दिल्लीची सहल ठरवताना या गोष्टी लक्षात ठेवा.

* लाल किल्ला सोमवारी बंद असतो. मेट्रोच्या व्हायलेट लाइनवर 'लाल किला' हे स्थानक आहे. १५ वर्षांखालील मुलांना पुरातत्त्व विभागाच्या स्मारकांत तिकीट लागत नाही. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास किल्ला काही दिवस बंद ठेवतात, म्हणून ऑगस्टमध्ये आधी खात्री करून घ्या.

* लाहोरी दरवाजातून आत गेलात की छत्ता चौकाचा बाजार लागतो. मुले तिथेच रेंगाळतील. खरेदी परतताना करू, असे आधीच सांगून ठेवा.

* दिवाण-ए-आम पाहून बहुतेक पर्यटक दिवाण-ए-खासपाशी फोटो काढतात आणि मागे फिरतात. तुम्ही उत्तरेकडे वळा. हयात बख्श बागेत गर्दी कमी असते. सावन-भादोंचे कोनाडे मुलांना मोजायला लावा. हौदाच्या मधोमध शेवटचा बादशहा बहादूरशहा जफरने बांधलेला लाल दगडाचा जफर महालही तिथेच आहे.

* पाण्याची पन्हळ शोधण्याचा खेळ खेळा. शाह बुर्जाकडून सुरुवात करा आणि पाणी कोणत्या इमारतीतून कुठे जात असेल ते मुलांनाच सांगू द्या.

* संध्याकाळी प्रकाश-ध्वनी कार्यक्रम किंवा एखादे डिजिटल प्रदर्शन सुरू असेल तर ते शेवटी पाहा, आधी नाही. कोरडी पन्हळ पाहिलेल्या मुलाला भिंतीवरचे पाणी वेगळे दिसते.

* डिसेंबर-जानेवारीत दिल्लीची हवा बरेचदा खराब असते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी फेब्रुवारी-मार्च निवडावा.

पडद्यापलीकडची नदी

डिजिटल निसर्गाबद्दल पालकांची एक धास्ती असते आणि ती खोटी नाही. भिंतीवर हात लावून फूल उमलवणाऱ्या मुलाला कुंडीतल्या रोपासाठी महिनाभर थांबण्याचा धीर राहील का? पडद्यावरची नदी कायम निळी असते, तिला वास येत नाही, ती कधी आटत नाही. दिल्लीतली खरी यमुना तशी नाही. शहरातून जाताना तिच्यात सांडपाणी मिसळते आणि काही ठिकाणी तिच्यावर पांढरा फेस तरंगतो. पडद्यावरच्या नदीची सवय लागली तर मुले खऱ्या नदीकडे नाक मुरडतील.

म्हणून दिल्लीत एक दिवस जास्त ठेवा. निजामुद्दीनजवळची सुंदर नर्सरी ही जुन्या मकबऱ्यांच्या सोबतीने वाढलेली सुमारे ९० एकरांची बाग आहे. अनेक वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०१८ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. तिथे पन्हळीतून पाणी वाहताना दिसते. लाल किल्ल्यात ज्याची कल्पना करावी लागते ते इथे डोळ्यांनी पाहता येते. आणि नोएडाला गेलात तर यमुनेच्या काठचे ओखला पक्षी अभयारण्य चुकवू नका. मॅजेंटा लाइनवर त्याच नावाचे मेट्रो स्थानक आहे. हिवाळ्यात दूरदेशीची बदके इथे उतरतात. आजूबाजूला उंच इमारती, वर विजेच्या तारा, पाणीही फारसे स्वच्छ नाही, तरी पक्षी येतात.

प्रदर्शनाचे यश तिकिटांच्या संख्येवर मोजतात, ते ठीकच आहे. पण निसर्गावरच्या प्रदर्शनासाठी माझे माप जरा वेगळे आहे. बाहेर पडल्यावर मूल "पुन्हा तो शो बघू" म्हणाले तर प्रदर्शन चांगले होते. "आता खरी नदी दाखव" म्हणाले तर ते फार चांगले होते.